घरी पाहिलेल्या चित्रपटाविषयी मत कसे लिहावे

शनिवारी रात्री जेवणे आटोपली की मुंबईतल्या असंख्य घरांत एकच प्रश्न विचारला जातो: आज काय लावायचे? त्याचे उत्तर वर्तमानपत्रातील परीक्षणातून क्वचितच मिळते. ते मिळते मावशीने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या चार ओळींतून, नाहीतर कार्यालयात डबा खाताना सहकाऱ्याने सहज सांगितलेल्या दोन वाक्यांतून. अशा चार ओळी लिहिण्याची सवय ज्यांना नव्याने लावून घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. समीक्षा हा निराळा प्रांत असून तिला वाचन आणि अभ्यास यांची मोठी पूर्वतयारी लागते. येथे अभिप्रेत असलेल्या मताचे काम मर्यादित आहे: वाचणाऱ्याला आपल्या घरी, आपल्या माणसांसोबत हा चित्रपट लावावा की नाही, हे ठरवता यावे. त्याकरिता दोन गोष्टी सांगाव्या लागतात. आपण चित्रपट कोणत्या परिस्थितीत पाहिला ही पहिली, आणि त्यातील नेमक्या कोणत्या जागेवर आपले मत तयार झाले ही दुसरी. यांपैकी पहिली गोष्ट बहुतेक जण सांगतच नाहीत, म्हणून येथे तिच्याबद्दल अधिक विस्ताराने लिहिले आहे.

पाहण्याआधी

सुरुवात टीव्हीच्या सेटिंगपासून करावी. हे काम एकदाच करायचे असल्याने त्याला थोडा वेळ द्यायला हरकत नाही. चित्रपट साधारणपणे सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रे, या वेगाने चित्रित केलेले असतात. आजचे बरेच टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या हिशेबाने तयार केलेल्या आणखी फ्रेम घालतात. क्रिकेटच्या सामन्यात चेंडू स्पष्ट दिसावा म्हणून ही सोय उपयोगी पडते. चित्रपटावर मात्र ती लागू झाली की हालचाली विचित्र गुळगुळीत दिसू लागतात आणि उत्तम छायाचित्रणालाही दैनंदिन मालिकेची कळा येते. प्रत्येक कंपनीने या सोयीला वेगळे नाव दिलेले असले, तरी चित्राच्या सेटिंगमध्ये ‘मोशन’ शब्द असलेला पर्याय शोधून तो बंद केला की काम होते. काही नव्या टीव्हींत ‘फिल्ममेकर मोड’ असतो. तो निवडल्यास वेगळे काही करावे लागत नाही. ‘सगळे कसे खोटे खोटे दिसते’ अशी तक्रार ज्या चित्रपटांबद्दल ऐकू येते, त्यांतल्या काहींच्या बाबतीत खरा दोषी हा पर्याय असतो.

त्यानंतर चित्राचा आकार पाहावा. टीव्हीचा पडदा १६:९ या प्रमाणात असतो आणि अनेक चित्रपट त्याहून रुंद असतात, म्हणून वर आणि खाली काळ्या पट्ट्या येतात. पट्ट्या घालवण्यासाठी कुणी ‘झूम’चे बटण दाबले, तर डावीउजवीकडचा भाग कापला जातो आणि कोपऱ्यात उभे असलेले पात्र दिसेनासे होते. जुन्या चित्रपटांत उलटा प्रकार घडतो. ते जवळजवळ चौकोनी आकारात चित्रित झालेले असल्याने पट्ट्या दोन्ही बाजूंना येतात, आणि चित्र ताणून पडदा भरला की सगळ्यांचे चेहरे फुगलेले दिसतात. पट्ट्या आहेत तशा राहू द्याव्यात.

आवाजाची तक्रार तर घरोघरी असते: संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर पार्श्वसंगीत सुरू होताच शेजारचे काका भिंतीवर थाप मारतात. चित्रपटाचा ध्वनी चित्रपटगृहातील अनेक स्पीकर गृहीत धरून बसवलेला असतो आणि त्यात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरकडे सोपवलेले असतात. टीव्हीच्या दोन लहान स्पीकरमधून हे सगळे एकत्र बाहेर पडते तेव्हा संवाद दबतात. ॲपमध्ये ध्वनीचा अनेक स्पीकरसाठीच्या ‘५.१’ ऐवजी साधा स्टिरिओ पर्याय असेल तर तो घ्यावा; नाहीतर रात्री हेडफोन लावावेत. ‘संवाद अस्पष्ट आहेत’ हे वाक्य ही तपासणी केल्यावरच लिहावे.

राहिली भाषा. मूळ भाषेत उपशीर्षकांसह पाहिला की डब केलेला, ही नोंद मतात असलीच पाहिजे. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ या चित्रपटाला २०२४ मध्ये फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री हा पुरस्कार मिळाला. मुंबईतल्या रुग्णालयात काम करणाऱ्या तीन स्त्रियांच्या या कथेत मल्याळम, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषा बोलल्या जातात. कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलते यावरून या शहरात कोण किती रुळले आहे हे समजते, आणि छाया कदम यांनी साकारलेली पार्वती तर मूळची रत्नागिरीकडची आहे. असा चित्रपट कुणी एकाच भाषेत डब केलेला पाहिला, तर ‘पात्रे एकमेकांत मिसळून गेली’ हे त्याचे मत खोटे ठरणार नाही. ते डबिंगविषयीचे असेल.

पाहताना

घर म्हणजे काही चित्रपटगृह नव्हे, आणि मुंबईतले घर तर मुळीच नव्हे. वन रूम किचनमध्ये पडद्यापासून चार पावलांवर कुकरची शिट्टी होते, समोरच्या पुनर्विकासाच्या जागेवर दिवसभर ड्रिल चालते, पावसाळ्यात खिडकीवरच्या पत्र्याचा आवाज संवादांवर मात करतो आणि दुपारच्या उन्हात काळोखी दृश्ये आरशासारखी होऊन आपलाच सोफा दाखवू लागतात. यातले बरेचसे टाळता येत नाही आणि टाळण्याचा अट्टहासही करू नये. मात्र कोणत्या दृश्याच्या वेळी काय घडले याची दोन शब्दांत टिपण ठेवावी. त्यासाठी कागदाचा तुकडा बरा. टिपण घेण्यासाठी मोबाइल उचलला की पुढची दहा मिनिटे त्यातच जातात.

टिपण म्हणजे कथासार नव्हे. ज्या क्षणी हसू आले, अंगावर काटा आला, कंटाळून घड्याळाकडे लक्ष गेले किंवा ‘हे कसे शक्य आहे?’ असा प्रश्न पडला, तो क्षण आणि पडद्यावरची वेळ लिहावी. ‘४७ मिनिटे, पोलीस चौकी, आईचे गप्प राहणे’ एवढे पुरेसे असते. दुसऱ्या दिवशी मत लिहायला बसल्यावर या ओळींखेरीज फार काही हाताशी राहत नाही, कारण बाकीचे सगळे ‘चांगला होता’ या दोन शब्दांत विरघळून गेलेले असते.

थांबण्याचेही भान ठेवावे. आपल्याकडचे बहुतेक मराठी आणि हिंदी चित्रपट मध्यंतर गृहीत धरून लिहिलेले असतात. मध्यंतराच्या तोंडावर कथेला वळण देऊन प्रेक्षकाला अधांतरी सोडायचे आणि परत आल्यावर नव्या जोमाने सुरुवात करायची, ही त्यांची बांधणी असते. दोन रात्रींत चित्रपट पुरवायचा असेल तर तिथेच थांबावे. वाटेल तिथे तोडले तर दुसऱ्या रात्री पहिली पंधरा मिनिटे निरर्थक वाटतात आणि ‘उत्तरार्ध ढेपाळतो’ असे मत तयार होते. मध्यंतर नसलेल्या परदेशी चित्रपटांबाबत शक्यतो एका बैठकीचा आग्रह धरावा.

विरार किंवा बदलापूरहून रोज लोकलने येणारे अनेक जण मोबाइलवर तुकड्यातुकड्याने चित्रपट पाहतात. त्यात कमीपणा काहीच नाही. खिडकीची जागा मिळाली तर ती घरातल्या सोफ्यापेक्षा निवांत असू शकते. फक्त तळहाताएवढ्या पडद्यावर आणि गर्दीत पाहिलेल्या चित्रपटाच्या छायाचित्रणावर निकाल देऊ नये. कथा, संवाद आणि पात्रे यांविषयी मात्र खुशाल बोलावे. दीडपट वेगाने पाहणाऱ्यांनी चित्रपटाच्या गतीबद्दल मौन पाळावे, हे उघड आहे.

श्रेयनामावली सुरू होताच ॲप चित्र कोपऱ्यात सरकवते आणि पुढचा कार्यक्रम सुरू करण्याची घाई करते. ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. शेवटच्या दृश्यानंतरची दोन मिनिटे शांतपणे बसण्यासाठी ती बंद केलेली बरी.

चित्रपटाचा दोष आणि घराचा दोष

या पायरीवर नवखे सर्वाधिक अडखळतात, म्हणून एका चित्रपटाच्या आधारे ती नीट पाहू. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ च्या व्हेनिस महोत्सवात गौरव मिळाला आणि त्याच वर्षासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. एका वृद्ध लोकशाहिराच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून चाललेला मुंबईतला खटला हा त्याचा विषय आहे. कॅमेरा बहुतेक वेळा एका जागी स्थिर असतो आणि माणसे त्याच्यासमोर ये-जा करतात. चित्रपटगृहात अशी दृश्ये पाहताना नजर आपोआप मागच्या बाकांवरच्या माणसांकडे, पंख्याकडे, फायलींच्या गठ्ठ्यांकडे फिरू लागते. घरी बत्तीस इंची पडद्यावर, शेजारी कुणी भाजी निवडत असताना, तेच दृश्य नुसते लांबलेले वाटू शकते. म्हणून ‘संथ’ लिहिण्याआधी स्वतःला विचारावे: त्या वेळात पडद्यावर काही घडत होते का, आणि ते दिसेल अशा रीतीने मी पाहत होतो का? दोन्ही प्रश्नांची उत्तरे देता आली, की ‘संथ’ हा शब्द निःशंक वापरता येतो.

याच चित्रपटात एके ठिकाणी न्यायालयाचे दिवे मालवले जातात आणि पडदा काही काळ काळोखा राहतो. घरी अनेकांचा हात तेवढ्यात रिमोटकडे जातो. चित्रपट त्यानंतरही शिल्लक आहे आणि तो भाग पाहिल्याशिवाय त्याच्याविषयी मत देऊ नये. वाचणाऱ्याला एवढी सूचना देणारे मत कितीही विशेषणांपेक्षा उपयुक्त ठरते.

जुन्या चित्रपटांच्या बाबतीत प्रतीचा प्रश्न येतो. अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला, जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये दिग्दर्शित केलेला ‘सिंहासन’ कृष्णधवल आहे. असे चित्रपट इंटरनेटवर बऱ्याचदा धूसर, ओरखडे पडलेल्या किंवा आवाज दबलेल्या प्रतीत सापडतात. प्रत खराब होती हे जरूर सांगावे, पण ते चित्रपटाच्या खात्यावर मांडू नये. निळू फुले यांना केवळ खलनायक म्हणून ओळखणाऱ्या तरुण प्रेक्षकाला त्यांचा यातील पत्रकार दाखवायचा असेल, तर ‘प्रत खराब आहे, तरीही पाहा’ असे मोकळेपणाने लिहावे. बेकायदेशीर मार्गाने आलेल्या, चित्रपटगृहात चोरून टिपलेल्या प्रतीवरून मात्र काहीही लिहू नये. ती पाहूच नये हे त्याहून बरे.

लिहिताना

एक रात्र जाऊ द्यावी. चित्रपट संपताच लिहिलेल्या मतात शेवटच्या वीस मिनिटांचे वजन अवाजवी असते, म्हणून शेवट जमलेला सामान्य चित्रपट ‘अप्रतिम’ होतो आणि शेवट फसलेला उत्तम चित्रपट ‘बकवास’. सकाळी टिपण उघडून त्यातल्या कोणत्या ओळी अजून डोळ्यांसमोर उभ्या राहतात ते पाहावे. बहुधा दोन किंवा तीन राहतात आणि तेवढ्यांवरच मत उभे करावे.

पुढे एक नेहमीचे मत दिले आहे. ‘कोर्ट पाहिला. थोडा स्लो आहे पण अभिनय जबरदस्त. विषय वेगळा. एकदा पाहायला हरकत नाही.’ यात खोटे काही नाही, परंतु हीच चार वाक्ये इतर शंभर चित्रपटांनाही चालतील. आता तेच मत असे लिहून पाहू:

‘काल रात्री टीव्हीवर, मुले झोपल्यावर एका बैठकीत पाहिला. न्यायालयातल्या तारखांपेक्षा मला त्याबाहेरचा भाग अधिक लक्षात राहिला. सरकारी वकील बाई लोकलने घरी जातात, मुलाला घेतात, स्वयंपाकाला लागतात. बचाव पक्षाचा वकील गाडीतून जाऊन महागड्या दुकानात खरेदी करतो. दोघांबद्दल कुणी भाषण देत नाही, पण पुढच्या सुनावणीत त्यांना बोलताना ऐकले की त्यांचे घर आठवते. वकील बाई झालेल्या गीतांजली कुलकर्णी अभिनय करत आहेत असे कुठेही जाणवले नाही. दृश्ये लांब आहेत, तेव्हा काम करता करता पाहण्याचा हा चित्रपट नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि गुजराती अशी सरमिसळ असल्याने उपशीर्षके सुरू ठेवावीत.’

हे मत ऐंशीएक शब्दांत संपते. त्यात पाहण्याची परिस्थिती आहे, मत ज्यावर आधारले ती दृश्ये आहेत आणि कोणी, केव्हा पाहावा हेही आले आहे. ‘जबरदस्त अभिनय’ या शब्दांऐवजी अभिनय कसा होता ते सांगितले आहे. विशेषण सुचले की त्याच्या जागी ते ज्या दृश्यामुळे सुचले ते दृश्य लिहावे. नवख्याला एवढा एकच नियम पाळायचा असेल तर हा पाळावा.

अभिनयाबद्दल आणखी थोडे. नट दिसतो कसा, किती जाडला, वय लपले की नाही, या गोष्टींचा मताशी संबंध नसतो. पात्राचा राग नटावरही काढू नये. उलट, न दिसणाऱ्या कामाकडे लक्ष वेधणारे मत विशेष वाचनीय होते. ‘द लंचबॉक्स’मध्ये वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी कधीच पडद्यावर येत नाहीत, खिडकीतून सोडलेली टोपली आणि भारती आचरेकर यांचा आवाज एवढ्यावर ते संपूर्ण पात्र उभे राहते. मुंबईच्या इमारतीत राहणाऱ्या वाचकाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. अशी एखादी जागा सापडली तर छायाचित्रण, संगीत, संकलन अशा सगळ्या खात्यांची हजेरी घेण्याची गरज उरत नाही, आणि माझ्या मते ती घेऊही नये. प्रत्येक खात्याला एकेक वाक्य वाटून दिले की मत शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखे वाचले जाते.

पाचपैकी तारे द्यायचे असतील तर मजकूर लिहून झाल्यावर द्यावेत. आधी तारे ठरवले की मजकूर त्यांचे समर्थन करत बसतो.

काय सांगू नये, काय सांगायलाच हवे

कथेतील साधारण पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत जे कळते तेवढे सांगण्यास हरकत नाही. त्यापुढचे वळण सांगू नये हे सर्वांना ठाऊक असते. पण ‘शेवट अजिबात अपेक्षित नव्हता’ हे वाक्यही रहस्यपटाचे नुकसान करते, याकडे दुर्लक्ष होते. ते वाचलेला प्रेक्षक पहिल्या दृश्यापासून संशय घेत बसतो आणि अर्ध्यावरच उत्तर शोधतो. अशा चित्रपटाबद्दल लिहिताना मांडणी, शहर, पात्रांमधले ताण यांविषयी लिहावे.

याउलट, सोबत कोण बसणार आहे याची माहिती स्पष्ट शब्दांत द्यावी, कारण एकाच खोलीत आजी, नातू आणि नवविवाहित जोडपे बसलेले असताना अनपेक्षित दृश्य आले की रिमोट शोधण्याची जी धांदल उडते ती अनेक घरांना परिचित आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ऑनलाइन मंचांवर ‘यू’, ‘यू/ए ७+’, ‘यू/ए १३+’, ‘यू/ए १६+’ आणि ‘ए’ अशी वर्गवारी दाखवली जाते. ती कळवावी, पण तेवढ्यावर थांबू नये. ‘यू/ए १६+’ म्हणजे शिव्या, रक्तपात की प्रणयदृश्ये, हे वर्गवारीच्या चिन्हावरून नेहमीच नीट उमगत नाही. ‘मारहाण नाही, शिव्या भरपूर’ किंवा ‘रुग्णालयातला मृत्यू बराच वेळ दाखवला आहे, नुकतेच कुणी गमावलेल्या घरात लावू नये’ अशी सूचना अधिक उपयोगी. ‘ताई, आईला दाखवू का गं?’ असे विचारणाऱ्या धाकट्या बहिणीला नेमके हेच हवे असते.

घरात एकमत नसेल तर इतरांचे मतही एका वाक्यात नोंदवावे. ‘मला कंटाळा आला, बाबा मात्र शेवटपर्यंत खिळून होते’ हे वाचून ज्यांच्या घरी तसेच बाबा आहेत त्यांचा निर्णय होतो. मात्र ‘आम्हाला आवडला’ असे सरसकट बहुवचन वापरू नये.

अर्धवट सोडलेला आणि पुन्हा पाहिलेला

चित्रपट अर्ध्यावर सोडण्याचा अधिकार घरबसल्या प्रेक्षकाला आहे आणि तो वापरण्यात संकोच बाळगू नये. फक्त कुठे आणि कशामुळे सोडला ते लिहावे, आणि न पाहिलेल्या भागाबद्दल अंदाज करू नये. ‘चाळीस मिनिटांनंतर बंद केला, तोवर नायकाला काय हवे आहे ते कळले नाही’ हे प्रामाणिक आणि पुरेसे मत आहे.

काही चित्रपट मोठ्या पडद्यावर दुसऱ्यांदा पाहण्याची संधी या शहरात मिळते. १९६८ पासून कार्यरत असलेले प्रभात चित्र मंडळ सभासदांसाठी देशोदेशीचे चित्रपट दाखवत आले आहे आणि तेथे खेळानंतर होणाऱ्या चर्चा ऐकणे हे नवख्यासाठी उत्तम शिक्षण आहे. घरी पाहिलेला चित्रपट अशा ठिकाणी पुन्हा पाहण्यात आला तर आपले जुने मत खोडू नये. त्याखाली नवी तारीख आणि पाहिल्याचे ठिकाण घालून दोन ओळी जोडाव्यात, म्हणजे त्यातला कोणता शेरा दिवाणखान्यात बसून मारला होता आणि कोणता सभागृहातून परतल्यावर, हे वाचणाऱ्याला वेगळे ओळखता येईल.